कोटेशनच्या आठ ओळी

"गाडीवर एक रुपयाही सुटणार नाही, मॅडम. आधीच सांगतो, नंतर वाईट वाटायला नको."

पाण्याचा ग्लास पुढे ठेवता ठेवताच शोरूममधल्या मुलाने हे सांगून टाकलं. २७ सप्टेंबर २०२५, शनिवार. नवरात्र चालू होतं आणि शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला होता: चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि वरचा सेस जाऊन २२ तारखेपासून सरसकट १८ टक्के. म्हणजे नेमकी घटस्थापना. त्याआधी पितृपंधरवडा, त्यात तसंही कोणी गाडी घेत नाही. महिनाभर थांबलेली गिऱ्हाइकं एकाच आठवड्यात येऊन उभी राहिली होती. मला हवी असलेली गाडी ७६ हजारांनी उतरली होती. तो मुलगा म्हणाला, "सरकारनेच एवढं कमी केलंय, आम्ही आणखी काय करणार?"

त्याचं चूक नव्हतं. मागणी एवढी असताना कोणी दर का पाडेल? मी त्याच्याशी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, "बरं, पूर्ण कोटेशन द्या."

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी कराडमध्ये एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे, चौदा वर्षं झाली. गाडीच्या कर्जाचा प्रत्येक अर्ज माझ्या टेबलावरून जातो आणि त्याला शोरूमचं कोटेशन जोडलेलं असतं. सभासद येतो, बोट ठेवतो ते सगळ्यात खालच्या ठळक आकड्यावर: ऑन-रोड. "एवढे लागतात, किती बसेल?" त्या आकड्याच्या वर काय काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही. मी वाचते, कारण ते माझं काम आहे. सीट कव्हरवर सात वर्षं व्याज भरणारी माणसं मी पाहिली आहेत. मला त्याचा खरोखर त्रास होतो. माणूस म्हशी राखून, पहाटे चारला उठून पैसे जमवतो आणि त्यातले वीस हजार कशाचे गेले हे त्याला कधीच कळत नाही.

तर माझं कोटेशन असं आलं. एक्स-शोरूम ८,२४,९००. आरटीओ ९८,५००. इन्शुरन्स ४६,८००. बेसिक अ‍ॅक्सेसरी किट १८,५००. टेफ्लॉन कोटिंग ६,५००. हँडलिंग ७,५००. एक्स्टेंडेड वॉरंटी १४,२००. फास्टॅग ६००. एकूण १०,१७,५००.

आठ ओळी. त्यातल्या पहिल्या ओळीवर सूट मिळणार नाही हे त्याने सांगितलं होतं. बाकी सात ओळींबद्दल तो काही बोलला नव्हता.

घरी आल्यावर मी आधी जुन्या गाडीची फाईल काढली. २०१२ ची वॅगन आर, माझ्या नावावर, पण निम्मे पैसे वडिलांचे, म्हणजे अण्णांचे. अण्णा एसटीत लेखा विभागात होते. तिकिटांच्या हिशेबात चार आण्यांचा फरक आला तरी रात्री उशिरापर्यंत बसून तो शोधणारा माणूस. त्या वेळच्या बिलावर पेन्सिलीने त्यांच्या खुणा होत्या. प्रत्येक रकमेपुढे बारीकशी बरोबरची खूण, आणि 'लॉजिस्टिक ४,५००' या ओळीपुढे मात्र नुसता ठिपका. मी विचारलं, "अण्णा, हे तेव्हा विचारलं नव्हतंत?" ते जरा वेळाने म्हणाले, "एवढं मोठं काचेचं शोरूम, एसी, ती मुलं टाय लावलेली. तू पण खुशीत होतीस. म्हटलं, जाऊ दे."

तो ठिपका तेरा वर्षं त्या कागदावर होता.

मग मी एका कोऱ्या कागदावर या आठ ओळी हाताने लिहिल्या, पुढे रकाने मोकळे ठेवले आणि त्याचा फोटो चार शोरूमना पाठवला. कराडचं एक, साताऱ्याचं एक आणि कोल्हापूरची दोन. सोबत एकच वाक्य: 'याच क्रमाने रक्कम भरून पाठवा, एकत्र आकडा नको.' तिघांनी उत्तर दिलं, एकाने "प्रत्यक्ष या" म्हणून फोन केला. एक्स-शोरूम सगळीकडे तीच, एका रुपयाचा फरक नाही. ती कंपनी ठरवते आणि राज्यभर सारखीच असते, त्यामुळे तिच्यासाठी कोल्हापूरला जाण्यात काही अर्थ नव्हता. पण खालच्या ओळी पाहून मी चकित झाले. साताऱ्याला इन्शुरन्स ४१,००० आणि किट 'ऐच्छिक'. कोल्हापूरला एका ठिकाणी हँडलिंग ५,०००, दुसरीकडे ती ओळच नाही, पण त्याऐवजी 'डेपो चार्जेस'. कोल्हापूरच्या शोरूममधून घेतली तरी पासिंग आपल्या पत्त्याप्रमाणे कराडच्या एमएच-५० लाच होतं, तेव्हा ती अडचण नव्हती.

आता इन्शुरन्स. सगळ्यात जास्त पैसे इथे होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावाच लागतो. १ सप्टेंबर २०१८ पासून हा नियम आहे. त्याचा दर सरकारने ठरवलेला, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला १०,६४० रुपये अधिक जीएसटी. हा कुठल्याही कंपनीत गेलात तरी तेवढाच. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, म्हणजे ओन डॅमेजमध्ये, आणि त्यावर जोडलेल्या झिरो डेप (क्लेमच्या वेळी पार्ट जुने झाले म्हणून पैसे न कापणारं जादा कवच) वगैरे गोष्टींत. हा भाग एका वर्षाचा घेतला तरी चालतो. आणि हा विमा आमच्याकडूनच घ्या अशी सक्ती डीलरला करता येत नाही.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. मी वॅगन आरवर पाच वर्षांहून जास्त काळ एकही क्लेम घेतला नव्हता, म्हणजे माझा ५० टक्के बोनस तयार होता. जुनी गाडी विकली, नावावरून गेल्याचा पुरावा जुन्या विमा कंपनीला दिला की ती पत्र देते. त्या पत्रावर नव्या गाडीच्या ओन डॅमेज हप्त्यात तेवढी सूट मिळते. पत्र तीन वर्षं चालतं. मात्र नाव तेच हवं. जुनी गाडी वडिलांच्या नावावर आणि नवी मुलाच्या, असं असेल तर बोनस मिळत नाही. आमच्याकडे कितीतरी जण हौसेने नवी गाडी मुलाच्या नावावर घेतात आणि बोनस सोडून देतात. नाव कोणाचं हे ठरवण्याआधी एकदा एवढं बघावं.

माझ्या कोटेशनमधल्या ४६,८०० मध्ये बोनस धरलेलाच नव्हता. त्या मुलाने मला जुनी गाडी आहे का हे विचारलं होतं, एक्स्चेंजसाठी. बोनसबद्दल विचारलं नव्हतं. गाडीची तीच किंमत, तेच झिरो डेप धरून मी बाहेरून दर काढला. बोनससह २९,४०० आला. तो छापून घेतला.

दसरा गेला, दिवाळी गेली. मुहूर्तावर गाडी आणायची नाही हे मी आणि नवऱ्याने आधीच ठरवलं होतं. सासूबाईंना पाडव्याला दारात गाडी हवी होती. त्यांना मी सांगितलं, "आई, पाडव्याला जुनीचीच पूजा करू, तेरा वर्षं तिने आपल्याला वाटेत सोडलं नाही." त्यांनी मनापासून केली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. जुनी गाडी चालू स्थितीत दारात होती म्हणून मला थांबता आलं. जो आधी जुनी विकून मोकळा होतो त्याच्या मागे रोजची रिक्षा, पोरांची शाळा, सगळं लागतं आणि मग तो शोरूमच्या तारखेला बांधला जातो.

२९ ऑक्टोबरला बुधवारी अर्धा दिवस सुट्टी काढून गेले. शोरूमच्या दारावर झेंडूचे वाळलेले हार तसेच होते. आत आम्ही, एक म्हातारं जोडपं आणि बसलेला स्टाफ. महिना संपायला दोन दिवस होते. त्या मुलाने मला ओळखलं. "ताई, तुम्ही तो कागद पाठवला होता ना?" 'मॅडम'ची 'ताई' झाली होती. मी त्याला खरं ते सांगितलं, "गाडीच्या किमतीत मी काही मागणार नाही. खालच्या ओळींवर बोलायचंय, आणि ते तुझ्या हातात नसेल तर मॅनेजरना बोलाव." त्याला ते आवडलं असावं. तो हळू आवाजात म्हणाला, "गाडीवर मला फार काही मिळत नाही, ताई. इन्शुरन्स आणि अ‍ॅक्सेसरीजचं टार्गेट असतं, त्यावर इन्सेंटिव्ह." तेवीस-चोवीस वर्षांचा असेल, पाटण बाजूचा. या मुलावर आवाज चढवून काहीच होत नाही. त्याने ते दर ठरवलेले नसतात.

मॅनेजर आले. मी माझा कागद मधे ठेवला.

"हँडलिंग कशाचं?"

"यार्डातून शोरूमला गाडी आणायची, धुवायची, कागदपत्रं. सगळेच देतात."

"मग एक्स-शोरूम म्हणजे काय? शोरूमच्या दारातली किंमतच ना ती? दारात येईपर्यंतचा खर्च तिच्यात आला."

ते हसले. म्हणाले, हे सिस्टिममध्येच आहे. मी म्हटलं, "चालेल. मग पक्क्या बिलावर 'हँडलिंग चार्जेस' असं लिहून, जीएसटी नंबरसकट पावती द्या. मी भरते." त्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन उचललं आणि ७,५०० वर आडवी रेघ मारली. काही बोलले नाहीत. मला त्या क्षणी अण्णांचा तो ठिपका आठवला आणि घसा दाटून आला. इतकं सोपं होतं. फक्त कोणीतरी विचारायचं होतं.

इन्शुरन्सवर जास्त वेळ गेला. आधी म्हणाले, बाहेरचा विमा असेल तर आमच्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस होणार नाही. मी विमा कंपनीच्या यादीतलं त्यांच्याच वर्कशॉपचं नाव दाखवलं. कॅशलेस होणं हे विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्या करारावर असतं, पॉलिसी कोणाकडून घेतली यावर नाही. मग म्हणाले, वॉरंटीला अडचण येते. मी विचारलं, "वॉरंटीच्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे?" ते पुस्तक त्या मुलाच्या ड्रॉवरमध्येच होतं, पण काढलं कोणी नाही. शेवटी मी २९,४०० चा छापील कागद ठेवला. त्यांनी एक फोन केला: ३८,०००. मी गप्प बसले. दुसरा फोन केला: बोनस धरून ३०,१००. पंधरा मिनिटांत, त्याच कंपनीचा, त्याच अटींचा विमा सोळा हजार सातशेने उतरला. मी त्यांच्याकडूनच घेतला. सातशे रुपये जास्त गेले, पण पासिंगच्या दिवशी चेसिस नंबर घेऊन विम्यासाठी धावपळ करावी लागत नाही, आणि त्या मुलाच्या टार्गेटमध्ये एक पॉलिसी धरली गेली. ते सातशे मी मनापासून दिले.

किट आणि टेफ्लॉन. "गाडी किट बसवूनच येते, मॅडम." मी सांगितलं, न बसवलेली मागवा, मी थांबते. टेफ्लॉन नको. गाडीला कंपनीचा रंग आहे, त्यावर वॅक्स मी स्वतः करते. मॅट आणि मडफ्लॅप मलकापूरच्या एका दुकानातून २,४०० ला घेतले.

एक्स्टेंडेड वॉरंटी मी ठेवली. आम्ही गाडी दहा-बारा वर्षं वापरणारी माणसं. नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स खूप आहे आणि एखादा सेन्सर किंवा स्टिअरिंगची मोटर गेली तर खर्च झेपत नाही. प्रत्येक ओळ कापायचीच असं नाही. ओळ कशाची आहे हे कळून मग पैसे द्यायचे.

आरटीओची ओळ लोक सरकारी म्हणून सोडून देतात. आपल्याकडे दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के कर, माझ्या गाडीचे ९०,७३९. वर नोंदणी, बँकेचा बोजा चढवायची फी, असं थोडंथोडं. कोटेशनमध्ये ९८,५०० होते. मी कोटेशनवर लिहून घेतलं: 'सरकारी पावतीप्रमाणे, जादा रक्कम परत.' पावती ९४,९६० ची आली आणि ३,५४० रुपये परत खात्यावर आले. दोनदा फोन करावा लागला, पण आले. (नंबर प्लेटचे वेगळे पैसे मागत असतील तर देऊ नका. एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट लावूनच येते, ती किमतीत धरलेली असते. आणि गाडीची किंमत दहा लाखांच्या वर असेल तर एक टक्का टीसीएस, म्हणजे आयकरापोटी आगाऊ रक्कम, वर घेतात. तो खर्च नाही, आयकराचा रिटर्न भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो. पावती जपून ठेवा.)

वॅगन आरला शोरूमने १,४०,००० आणि वर १५,००० एक्स्चेंज बोनस सांगितला होता. 'बोनस' हा शब्द ऐकला की माणूस मूळ आकडा विसरतो. आमच्याच गल्लीतल्या एका वायरमनदादांनी १,७८,००० दिले. त्यांना गाडीची सगळी सर्व्हिस माहीत होती. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसीवर त्यांचं नाव चढेपर्यंत मी पाठपुरावा केला. नाव न बदलता किल्ली देणं फार धोक्याचं. उद्या अपघात झाला तर नोटीस आपल्या दारात येते.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. आधी दाखवलेली गाडी मे महिन्यात बनलेली होती. चेसिस नंबरात वर्षाची आणि महिन्याची खूण असते, प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. मी विचारल्यावर त्या मुलाने सांगितलं. अख्खा पावसाळा यार्डात उभी, ब्रेकच्या डिस्कवर गंज, टायरच्या खाचांत सुकलेला चिखल. तिच्यावरही सूट शून्यच. मी म्हटलं, ताजी मागवा. ऑक्टोबरची आली. आरसीवर महिना छापला जातो आणि विकताना घेणारा तोच बघतो.

८ नोव्हेंबरला गाडी घरी आली. सगळं धरून, मॅटसकट, ९,६७,१६०. पहिल्या कोटेशनपेक्षा ५०,३४० कमी. गाडीवर एक रुपयाही सुटला नाही, तो मुलगा शेवटपर्यंत खरंच बोलत होता. हेच पन्नास हजार साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांच्या कर्जात घातले असते तर महिन्याला ८२३ रुपयांप्रमाणे ६९ हजार भरले असते. अण्णांना मी हिशेबाचा कागद दिला. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल मागितली आणि आठही ओळींवर एकेक करून खुणा केल्या. हँडलिंगच्या कापलेल्या ओळीवर पेन्सिल थोडी थांबली, मग तिथेही बरोबरची खूण केली.

गेल्या मंगळवारी उंब्रजजवळच्या गावातले एक मामा अर्ज घेऊन आले, दूध संकलन करतात. मुलीच्या लग्नाआधी घरात गाडी हवी. कोटेशन वेगळ्या शोरूमचं, वेगळ्या कंपनीचं. त्यांनी नेहमीप्रमाणे खालच्या आकड्यावर बोट ठेवलं. मी कागद त्यांच्याकडे फिरवला आणि टेफ्लॉन आणि हँडलिंगच्या दोन ओळींखाली रेघ मारली, दोन्ही मिळून चौदा हजार. "मामा, हे कशाचे, विचारलं का?"

"नाही बा. कंपनीचंच असेल की."

"सात वर्षांत याचे एकोणीस हजार भराल तुम्ही. इथूनच फोन लावा आणि विचारा, पक्क्या बिलावर लिहून देणार का म्हणून."

ते फोन घेऊन गॅलरीत गेले. काचेतून दिसत होतं, आधी बरेच वाकून बोलत होते, मग सरळ उभे राहिले. चारेक मिनिटांनी आत आले, खुर्चीवर टेकले आणि माझ्या टेबलावरचं पेन मागितलं.